क्लोज्ड लूप, ओपन लूप आणि मेसची घंटा

कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात फीडबॅकचं उदाहरण म्हणून आपण काय लिहितो? गीझरचा थर्मोस्टॅट, नाहीतर टाकीतला फ्लोट. सीनियर्सच्या नोट्समधून चालत आलेली ठरलेली उत्तरं! पण याहून कितीतरी सरस लूप आपल्या पोटात, स्वादुपिंडात चालू असतो. त्याचा आपल्या होस्टेलशी थेट संबंध आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करून बारीक पिशव्यांत भरून ठेवतात. माल तयार, पण ऑर्डर आल्याशिवाय गेट उघडत नाही. आणि गेट सांभाळणारी सगळी मंडळी म्हणजे प्रथिनं. (प्रोटीन म्हटलं की आपल्याला फक्त अंडी आणि जिमवाल्यांचा डबा आठवतो!)

आपण जेवलो की रक्तातली साखर वाढते आणि या पेशींत शिरते. तिथे ग्लुकोकायनेज नावाचं प्रथिन तिच्यावर पहिली प्रक्रिया करतं. साखर जास्त तसा त्याचा वेग जास्त, म्हणजे हा झाला सेन्सर. पुढे साखरेपासून ऊर्जा देणारं एटीपी बनतं. ते वाढलं की पेशीच्या आवरणातलं पोटॅशियमचं दार बंद होतं. हे दारही प्रथिनाचंच, आठ तुकडे जोडून बनलेलं. दार लागलं की पेशीचं उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपासचं व्होल्टेज वर चढतं, त्यामुळे कॅल्शियमचं दार उघडतं आणि कॅल्शियम आत घुसतं. त्याची चाहूल लागताच पिशवीवरची आणि आवरणावरची स्नेअर प्रथिनं बॅगेची चेन लावावी तशी एकमेकांत गुंततात. पिशवी आवरणाशी एकजीव होते आणि इन्सुलिन रक्तात! साखर उतरली की पोटॅशियमचं दार पुन्हा उघडतं, पुरवठा आपोआप थांबतो. पेशीतल्या पिशव्यांची ही वाहतूक उलगडणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि स्युडहॉफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं.

एका दाराची किंमत किती? काही बाळांमध्ये पोटॅशियमचं हे दार जन्मापासून बिघडलेलं असतं, ते नीट बंदच होत नाही. मग मधुमेह. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ४९ रुग्णांना दार बंद करणाऱ्या साध्या गोळ्या दिल्या, तर ४४ जणांची इन्सुलिनची इंजेक्शनं सुटली.

टाइप १ मधुमेहात मात्र या पेशीच नष्ट झालेल्या असतात. माझ्या विंगमधला एक मित्र असाच. त्याचा लूप ओपन आहे. किती खाणार याचा अंदाज बांधून तो आधी इंजेक्शन घेतो. एकदा घेतलं की ते परत काढता येत नाही. आणि नेमकी त्याच दिवशी मेस पाऊण तास उशिरा! मग घाम, थरथर, बोलणं अडखळणं. पोरं म्हणतात, ‘पिऊन आलाय’. सुई कोणाला दिसू नये म्हणून तो दार लावून घेतो, ते वेगळंच.

‘एकासाठी अख्खी मेस बदलायची का?’ असं कोणी विचारेल. मेस बदलू नका हो! उशीर होणार असेल तर अर्धा तास आधी बोर्डावर लिहा. रविवारी रात्री मेस बंद असते, तेव्हा एक ताट झाकून ठेवायची सोय करा. प्रत्येक मजल्यावर ग्लुकोजचा पुडा ठेवा. परीक्षेच्या हॉलमध्ये साखर आणि मीटर न्यायला पर्यवेक्षकांनी आडकाठी करू नये. आणि मित्रांनो, असा कोणी थरथरताना दिसला तर शुद्धीत असेपर्यंत तीन चमचे साखर पाण्यातून द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

साखर मोजून इन्सुलिनचा डोस स्वतः कमीजास्त करणाऱ्या पंपाला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. त्यामागे आपल्याच शाखेतलं गणित आहे. पण त्या पंपालाही जेवणाचा अंदाज आधी सांगावा लागतो. मग इंजेक्शनवर भागवणाऱ्या पोराला जेवणाची वेळ आधी कळायला नको? तेवढा फीडबॅक तरी आपण देऊ शकतो.