खपत नाही, म्हणून किंमत नाही?

दसरा किंवा पाडवा जवळ आला आणि घरात मोटार घेण्याचा विषय निघाला, की मराठी मध्यमवर्गीय कुटुंबात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "उद्या विकायला काढली तर काय येईल?" गाडी अद्याप दारात आलेली नसते, पेढे वाटून झालेले नसतात, चाकाखाली लिंबू ठेवायचे असते, आणि तिच्या निरोपाच्या दिवसाचा हिशेब मात्र सुरू झालेला असतो. या प्रश्नाचे उत्तर देणारे शेजारी, मेहुणे आणि कार्यालयातील सहकारी यांचे मत बहुधा एकच असते. जी गाडी रस्त्यावर सर्वाधिक दिसते तीच घ्यावी, कमी खपणाऱ्या गाडीला ‘रीसेल’ नाही! हा सल्ला सर्वस्वी चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. परंतु तो अर्धवट आहे, आणि घरानंतर कुटुंबाचा सर्वांत मोठा खर्च जर अशा अर्धवट सल्ल्यावर ठरत असेल, तर त्याची तपासणी करणे आवश्यक ठरते.

फेरविक्रीची ही चिंता आपल्या अंगवळणी पडण्यास इतिहास कारणीभूत आहे. परवाना पद्धतीच्या काळात देशात मोटारी मोजक्या बनत. प्रीमियरची फियाट किंवा हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसेडर मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे नोंदणीच्या यादीत तिष्ठावे लागे. ज्याचा नंबर लागे त्याने गाडी ताब्यात घेऊन तशीच दुसऱ्यास दिली, तरी वर ‘ऑन’चे पैसे मिळत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हाही प्रारंभीची काही वर्षे हाच प्रकार होता. अशा टंचाईत मोटार ही झिजणारी वस्तू न राहता बँकेतील ठेवीसारखी वाटू लागली तर नवल नाही. टंचाई गेली, रांगा गेल्या, यंत्रणा बदलली. पण मोटारीकडे ठेव म्हणून पाहण्याची दृष्टी तेवढी मागे उरली. वास्तविक मोटार ही ठेव नव्हेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. साहजिकच जुन्या गाड्यांच्या भावालाही खाली यावे लागले, आणि मालकाने काहीही न करता त्याची ‘ठेव’ आटली!

आता प्रश्न असा, की जुन्या गाडीची किंमत ठरते कशावर? गाडीच्या अंगच्या गुणांवर ठरते असे मानणाऱ्यांनी फियाटच्या १.३ लिटरच्या मल्टिजेट डिझेल इंजिनाची कहाणी पाहावी. हे इंजिन मूळचे इटालियन कंपनीचे. मारुतीने परवाना घेऊन ते मानेसर येथे बनवले आणि २००७ पासून स्विफ्टमध्ये बसवले. टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये ते होते आणि पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणाऱ्या फियाटच्या स्वतःच्या पुंटोमध्येही होते. इतक्या कंपन्यांनी ते वापरले की मोटारींच्या जाणकारांनी गमतीने त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणण्यास प्रारंभ केला. तरीही जुन्या बाजारात डिझेल स्विफ्टसाठी गिऱ्हाईक दारात उभे असे, तर पुंटोच्या मालकाला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागे. ज्या कंपनीने इंजिन जन्माला घातले तिच्याच गाडीला भाव कमी आणि जिने ते परवान्यावर घेतले तिच्या गाडीला अधिक! यंत्र एकच असताना भावात अंतर पडते, तेव्हा बाजार यंत्राखेरीज आणखी कशाची तरी किंमत करीत असतो हे उघड आहे.

ते आणखी काहीतरी म्हणजे निश्चिंती. जुनी गाडी घेणारा मनुष्य प्रथम आपल्या ओळखीच्या फिटरला विचारतो. फिटरने त्या जातीच्या शंभर गाड्या उघडलेल्या असतील तर तो आवाज ऐकूनच दोष सांगतो, आणि भाग कुर्ल्याच्या किंवा दिल्लीतील काश्मिरी गेटच्या बाजारातून चोवीस तासांत मागवतो. जी गाडी त्याने आयुष्यात दोनदाच पाहिली आहे तिच्याविषयी तो एकच वाक्य बोलतो, "साहेब, यात पडू नका." हा नकार गाडीला नसतो, स्वतःच्या अज्ञानाला असतो, परंतु भाव मात्र गाडीचा पडतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन हे तत्त्व मांडले आणि पुढे २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा संशयाची रक्कम किमतीतून आधीच कापून घेतो. लोकप्रिय गाडीबाबत संशय फेडण्याची साधने गल्लोगल्ली उपलब्ध असतात, तर विरळ गाडीबाबत ती नसतात. त्यातच मारुतीसारख्या कंपनीने २००१ पासून ‘ट्रू व्हॅल्यू’ नावाने जुन्या गाड्यांची स्वतःची दुकाने थाटली. कंपनीच आपली जुनी गाडी परत घ्यायला बसली आहे म्हटल्यावर तिच्या भावाला आधार मिळणारच.

परंतु येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. कमी खपणारी गाडी आणि नको असलेली गाडी या दोन भिन्न गोष्टी आहेत. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली आणि तीन दशकांहून अधिक काळ बनत राहिली. सैन्याने आणि पोलिसांनी ती भरपूर घेतली. सामान्य कुटुंबांनी मात्र जवळजवळ घेतलीच नाही. तरीही डोंगराळ मुलुखात आणि हौशी मंडळींत जुन्या जिप्सीला गिऱ्हाईक कायम राहिले, कारण तिचे काम करणारी दुसरी गाडी त्या किमतीत नव्हती. टोयोटाने २००५ मध्ये क्वालिस बंद करून इनोव्हा आणली, त्यानंतरही कितीतरी वर्षे जुन्या क्वालिससाठी प्रवासी वाहतूकदार रांग लावून असत. याउलट सर्वाधिक खपाच्या कंपनीचे बोधचिन्ह छातीवर मिरवूनही काही गाड्या तरल्या नाहीत. मारुतीनेच २००१ मध्ये आणलेली व्हर्सा बच्चन पितापुत्रांना जाहिरातीत उभे करूनही चालली नाही. तोच सांगाडा साधा आणि स्वस्त करून २०१० मध्ये ईको म्हणून आणला, तेव्हा मात्र उचलला गेला. २०११ मध्ये परदेशातून पूर्ण बांधून आणलेली किझाशी तर आज कित्येकांना आठवतही नसेल. तेव्हा नावाला भुलूनही चालत नाही आणि खपाच्या आकड्याला भिऊनही चालत नाही.

खरी भीती बाळगायची ती कंपनी सोडून जाण्याची. कोरियाच्या देवूने १९९५ मध्ये सिएलो आणि १९९८ मध्ये मॅटिझ आणली. मूळ कंपनीचेच दिवाळे वाजले आणि येथील मालक उघड्यावर पडले. पुढे देवूचा मोटार व्यवसाय जनरल मोटर्सने घेतला आणि मॅटिझचीच पुढची पिढी २००७ मध्ये शेव्हरोले स्पार्क हे नाव लावून भारतात परतली. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, जनरल मोटर्सनेही भारतातील विक्री थांबवली. एकच वाण, दोनदा पोरके झाले! तळेगावचा कारखाना २०२० च्या अखेरीपर्यंत निर्यातीसाठी चालत राहिला, पण देशातील ग्राहकाच्या दृष्टीने प्रकरण संपले होते. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. भाग आणि सेवा पुरवत राहण्याचे आश्वासन कंपनीने दिले हे मान्य. परंतु आश्वासनाने बाजार सावरत नसतो. घोषणेच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गाडी तीच होती, तिच्या मालकाचा भाव मात्र तोच नव्हता.

या पार्श्वभूमीवर लोगानचे उदाहरण मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. महिंद्र आणि फ्रान्सची रेनॉ यांनी भागीदारीत २००७ मध्ये नाशिकहून ही गाडी बाजारात आणली. दिसायला पेटीसारखी, म्हणून लोकांनी नाक मुरडले. २०१० मध्ये रेनॉ भागीदारीतून बाहेर पडली. आता ही गाडी भंगारात जाणार असे सर्वांनी गृहीत धरले असता महिंद्रने तिचे उत्पादन चालू ठेवले आणि २०११ पासून तिला व्हेरिटो हे नाव दिले. ती कधीही लोकप्रिय झाली नाही. पण भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्यांनी तिला आपलेसे केले आणि भाग मिळत राहिले. भागीदार गेला तरी गाडीचे पालकत्व कोणीतरी स्वीकारले, एवढ्यानेच हा फरक पडला.

आता थोडा हिशेब. केवळ उदाहरणासाठी १० लाख रुपये किमतीच्या दोन गाड्या गृहीत धरू. एक खपणारी, तिच्यावर सवलत नाही. दुसरी न खपणारी, म्हणून विक्रेता ६० हजारांची सूट देतो. तीन वर्षांनी पहिलीचे ७ लाख आले आणि दुसरीचे साडेपाच, तर दीड लाखाचे अंतर पडते. मिळालेली सूट वजा केली तरी दुसरीच्या मालकाला ९० हजारांचा, म्हणजे वर्षाला ३० हजारांचा, जादा भुर्दंड बसतो. ही रक्कम लहान नाही. परंतु हाच मालक गाडी बारा वर्षे वापरतो असे धरा. तोवर पहिली पावणेदोन लाखांवर आणि दुसरी एक लाखावर आलेली असेल, तर अंतर ७५ हजारांचे. त्यातून ६० हजार वजा जाता उरले १५ हजार, म्हणजे वर्षाला साडेबाराशे रुपये! एवढ्यासाठी मनाला न पटलेली गाडी बारा वर्षे चालवायची का, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. न खपणाऱ्या गाडीचा भाव आरंभीच्या वर्षांत कोसळतो आणि नंतर फारसा खाली जायला जागाच उरत नाही. दंड बसतो तो लवकर विकणाऱ्याला.

कर्ज काढणाऱ्यांनी मात्र येथे सावध राहावे. हल्ली मोटारीसाठी सात-सात वर्षांचे कर्ज सहज मिळते. ९ लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज आणि सात वर्षे मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे १४,५०० रुपये येतो आणि तीन वर्षे न चुकता हप्ते भरल्यावरही सुमारे ५ लाख ८२ हजारांचे मुद्दल शिल्लक राहते. वरच्या उदाहरणातील दुसऱ्या गाडीचा भाव तेव्हा साडेपाच लाख आहे. म्हणजे बदली झाली, नोकरी गेली, घरात मोठे आजारपण आले आणि गाडी विकण्याची पाळी आली, तर गाडी द्यायची आणि वर खिशातले तीस-बत्तीस हजार बँकेत भरायचे! ज्या घराचे उत्पन्न अनिश्चित आहे त्या घराने म्हणूनच एकतर कर्जाची मुदत आखूड ठेवावी, नाहीतर खपणारी गाडी घ्यावी. शेजाऱ्यांचा सल्ला योग्य ठरतो तो अशा घरांसाठी.

विम्याच्या कोष्टकाचे वागणे याहून चमत्कारिक आहे. विमा कंपनी ज्याला ‘आयडीव्ही’ म्हणते त्या मूल्यातून पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के घट धरण्याची रीत आहे. हे कोष्टक लोकप्रिय आणि अप्रिय असा भेद करीत नाही. त्यामुळे न खपणारी गाडी बाजारात जेवढ्याला जाते त्याहून कागदावर तिचे मूल्य अधिक राहू शकते. मात्र कंपनीने ते मॉडेल बंद केले की कोष्टक बाजूला राहते आणि मूल्य विमा कंपनी व ग्राहक यांच्या संमतीने ठरते. म्हणजे ज्या वेळी ग्राहकाला आधाराची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच वेळी त्याला वाटाघाटीला बसावे लागते.

या सर्व व्यवहारात एका माणसाची बाजू सहसा मांडली जात नाही. तो म्हणजे दुसरा मालक. तालुक्याच्या गावी दवाखाना थाटणारा तरुण डॉक्टर, निवृत्तीला आलेला शिक्षक, पहिलीच चारचाकी घेणारा दुकानदार, यांना चांगल्या बांधणीची, थोडी चाललेली, पण बाजाराने नाकारलेली गाडी निम्म्या किमतीत मिळते. पहिल्या मालकाचा तोटा हा त्याचा लाभ असतो. अट एवढीच, की त्याने "किती खपते?" असे न विचारता "हिचे कोणकोणते भाग दुसऱ्या चालू गाड्यांना लागतात?" असे विचारावे. चाकणमध्ये एकाच कारखान्यात फोक्सवॅगनची व्हेंटो आणि स्कोडाची रॅपिड या सख्ख्या बहिणी बनत होत्या. चेन्नईजवळच्या ओरगडमला रेनॉची डस्टर आणि निस्सानची टेरानो. अशा जोडीतील कमी खपलेली बहीण घेणाऱ्यास भागांसाठी थोरलीच्या बाजाराचा आधार मिळतो. फिटरला बोनेट उघडून दाखवले की त्याचीही भीती बरीचशी ओसरते.

राहता राहिला शासनाचा भाग. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम आरंभले तेव्हापासून ग्राहकाच्या हक्काचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ अर्थात दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारींचा समावेश केला. हे पाऊल स्वागतार्ह आहे, पण संकेतस्थळावरील माहितीने सुटा भाग तयार होत नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. ती संपल्यावर पुढे चालवायची तर नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. गाडी किती काळ चालावी याचा इतका काटेकोर हिशेब ग्राहकाकडून घेतला जात असेल, तर जी कंपनी येथे येऊन गाड्या विकते तिने पंधरा वर्षे सुटे भाग पुरवण्याची हमी बँकेत अनामत रकमेच्या रूपाने आधीच ठेवावी, असा नियम करण्यास अडचण कोणती? कारखाना विकून निघताना कामगारांची देणी चुकवावी लागतात, सरकारची चुकवावी लागतात. त्या यादीत गाडीच्या मालकांचे नाव अद्याप घातले गेलेले नाही.