समुपदेशनातला उपदेश

आमच्या महाविद्यालयात ग्रंथालयाच्या जिन्याखाली एक खोली आहे. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी, आत एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक नोंदवही. वहीत चार रकाने: नाव, वर्ग, समस्या, निराकरण. मूल्यांकन समिती यायची झाली की वही भरली जाते. समिती गेली की खोलीत कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परत येतात. ह्या खोलीचे काम काही वर्षे आम्हा मराठीच्या अध्यापकांकडे होते. का, तर ‘तुम्ही साहित्यवाले, तुम्हाला माणसांची मने कळतात’. हे विधान तेव्हा आम्हाला सुखावून गेले होते.

एका दुपारी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी तिथे आली. ‘सर, घरी करमत नाही,’ एवढेच म्हणाली. आम्ही दोघे होतो. आम्ही तिला आईवडिलांच्या कष्टांची जाणीव दिली, शिक्षणाचे महत्त्व सांगितले, एकदोन संतवचनेही ऐकवली. वीसपंचवीस मिनिटे आम्ही बोलत होतो. ती मान हलवत राहिली आणि शेवटी ‘हो सर’ म्हणून उठली. चौथ्या रकान्यात आम्ही ‘झाले’ असे लिहिले. पुढच्या सत्रात ती आलीच नाही. काही वर्षांनी, दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरणाऱ्या मंडयांपैकी एकीत ती भेटली. कडेवर मूल होते. त्या दुपारचा विषय निघाला तेव्हा हसून म्हणाली, ‘सर, त्या दिवशी तं तुम्हीच बोलले जी.’

तिला त्या घरात काय होत होते ते आम्हाला आजही ठाऊक नाही. विचारले असते तर कदाचित कळले असते.

ह्या प्रसंगानंतर आम्ही पाटीवरच्या शब्दाकडे नीट पाहू लागलो. ‘समुपदेशन’ ह्या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे. ‘कौन्सेलिंग’ला प्रतिशब्द हवा होता आणि परिभाषेने तो दिला, ह्यात गैर काही नाही. परंतु मराठीत उपदेश करणारा वर बसतो आणि घेणारा खाली. गुरूचा उपदेश, कीर्तनातले निरूपण, थोरामोठ्यांचे चार शब्द: आपल्या वाङ्मयाची एक थोर परंपराच उपदेशाची आहे आणि ती शिकवण्याचे वेतन आम्ही घेतो. ‘सम्’ ह्या उपसर्गाने त्या उपदेशाला थोडे सभ्य केले, एवढेच. प्रत्यक्षात ह्या शास्त्राचे काम नेमके उलटे आहे. समोरच्याला बोलू द्यायचे, मधले मौन सोसायचे, निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यायचा आणि ऐकलेले खोलीबाहेर जाऊ द्यायचे नाही. आमच्या नोंदवहीचा पहिलाच रकाना ‘नाव’ हा होता आणि वही टेबलावर उघडी असे, हे इथे कबूल केले पाहिजे.

उपदेशाचा सूर न लावता मराठीत माणसाच्या खासगी अडचणीशी बोलता येते काय? येते, आणि त्याचे उदाहरण जवळजवळ शंभर वर्षांचे आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. त्यातल्या वाचकांच्या प्रश्नोत्तरांकडे आपण लैंगिक शिक्षणाचे साहित्य म्हणून पाहतो. आमच्या मते ते टपालाने चाललेले समुपदेशन होते. विचारणाऱ्याला लाजवायचे नाही, त्याच्या चारित्र्याची झडती घ्यायची नाही, विचारले त्याचे उत्तर कोरड्या, स्वच्छ गद्यात द्यायचे. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्व्यांना दंड झाला. मराठी गद्याच्या इतिहासात ह्या उत्तरांना जागा मिळायला हवी, असे आम्हाला राहून राहून वाटते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय. शिवाय पत्राची एक मर्यादा असतेच. कर्वे उत्तर देत होते. समोर बसून विचारण्याची सोय त्यांना नव्हती.

एकट्या माणसाला केलेला उपदेश फार तर वाया जातो. नवराबायकोच्या आणि कुटुंबाच्या बाबतीत मात्र तो कोणाच्या तरी जिवावर उठू शकतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आमच्या पूर्व विदर्भात तंटामुक्त समितीने घरचा विरोध असलेल्या तरुण जोडप्याचे लग्न लावून दिल्याच्या बातम्या आपण कितीदा वाचल्या आहेत. ही लहान गोष्ट नव्हे. शहरांतल्या सुशिक्षितांनाही ते सहज जमत नाही. परंतु त्या मोहिमेचा हिशेब मिटलेल्या तंट्यांचा होता आणि गावाला पुरस्कार मिळायचा तो तंटे मिटवल्याबद्दल. भांडण मिटले म्हणजे कोणी गप्प बसले, की कोणाचे समाधान झाले, हे त्या हिशेबात दिसत नाही.

कायद्यातही ही ओढाताण आहे. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४चा. त्याच्या नवव्या कलमाने शक्य तिथे समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले. त्याच १९८४ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या साहाय्याने स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथली दृष्टी वेगळी होती: मार खाणारी बाई सुरक्षित आहे का, हा तिथे पहिला प्रश्न. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानेही समुपदेशनाची तरतूद केली, पण २००६च्या नियमांत एक मोलाची अट घातली. समुपदेशनाच्या वेळी हिंसा करणाऱ्याला आपल्या हिंसेचे समर्थन मांडता येणार नाही. ‘तिनेच तशी वेळ आणली’ हे वाक्य त्या खोलीत उच्चारायचेच नाही. किती साधी आणि किती अवघड अट! कारण आपली सगळी मध्यस्थी त्याच वाक्यापासून सुरू होते. आपल्या शब्दांतच पाहा ना. लग्नात ‘नांदा’ म्हणून आशीर्वाद दोघांना देतात, पण ‘नांदायला जाणे’ आणि ‘नांदायला पाठवणे’ हे फक्त मुलीच्या वाट्याला येते. तिला परत पाठवले की समुपदेशन यशस्वी.

आता व्याकरणाकडे येतो. मानसोपचाराच्या लेखात व्याकरण कशाला, असे वाचकांना वाटेल, पण आमचा खरा मुद्दा तिथेच आहे. अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी आपल्याकडे आणली आणि ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द मराठीत रुळला. एलिस यांचे म्हणणे थोडक्यात असे, की घटना माणसाला अस्वस्थ करत नाही. त्या घटनेविषयीची त्याची ताठर धारणा त्याला अस्वस्थ करते. राग बाहेरून येत नाही, आपण तो निर्माण करतो. इथे मराठीचा अध्यापक थबकतो. मराठीत भावनेचा कर्ता माणूस सहसा नसतोच. मला राग येतो. मला भीती वाटते. मला रडू कोसळते. माणूस चतुर्थीत एका बाजूला उभा. येणारा, कोसळणारा कर्ता दुसराच. ‘मला करमत नाही’ ह्या वाक्यात तर कर्ता शोधूनही सापडत नाही. त्या मुलीने नेमके हे वाक्य वापरले होते. कोण करते, काय करते, काहीच न सांगता सगळे सांगणारे वाक्य. त्यावर योग्य उत्तर प्रश्नाचेच होते: ‘कधीपासून?’

मग ही पद्धती मराठीत परकी ठरावी काय? तसे नाही. आजी म्हणते, ‘मनाला लावून घेऊ नको’, ‘जिवाला त्रास करून घेऊ नको’. ‘लावून घेणे’, ‘करून घेणे’ ह्या संयुक्त क्रियापदांत एलिस यांचा विचार आयता बसला आहे: लागलेले नाही, तू लावून घेतले आहेस. पण ह्याच वाक्याची दुसरी बाजूही आहे. मार खाऊन आलेल्या लेकीला ‘मनाला लावून घेऊ नको’ म्हटले की ते तोंड बंद करणारे वाक्य होते. शब्द तेच, आधी किती ऐकले, त्यावर त्यांचा अर्थ ठरतो. आणि ‘ऐकून घेणे’ ह्या क्रियापदालाही मराठीने दोन अर्थ दिले आहेत: दुसऱ्याचे पूर्ण ऐकणे, आणि मुकाट्याने बोलणी सोसणे. दुसरा अर्थ सुनेच्या वाट्याला आला. पहिला आम्ही कोणीच फारसा वापरला नाही.

आमच्या जिल्ह्यात तर हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्यात वर्गात प्रमाण मराठी, घरात झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी, आणि बाजारात हिंदी चालते. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला इथे ‘पागलखाना’ म्हणतात आणि तो शब्द एकदा उच्चारला की पुढचे बोलणे संपते. अशा माणसाला छापील प्रश्नावलीतून ‘आपणांस नैराश्य जाणवते काय?’ असे विचारले, तर तो ‘नाही’ म्हणेल आणि खरेच सांगत असेल. नैराश्य हा त्याच्या घरातला शब्दच नाही. त्याचे डोके भणभणते, जीव लागत नाही, भूक मेलेली असते.

झाडीपट्टीत रडण्याची एक मोठी सार्वजनिक जागा आहे, ती म्हणजे नाटक. धान घरात आले की वडसा येथील नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. रात्रभर चालणाऱ्या त्या कौटुंबिक नाटकांत सासू, सून, दारुडा नवरा, वाटणी मागणारा भाऊ सगळे येतात आणि मंडपातल्या बाया मोकळेपणी डोळे पुसतात. ह्या रंगभूमीला नाके मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. मात्र नाटक सर्वांचे रडणे एकत्र करते. त्यांतल्या एकीला बाजूला घेऊन ‘तुझे काय?’ असे ते विचारू शकत नाही.

तो प्रश्न तिच्या बोलीत कसा विचारावा, हे शोधण्याचे काम मराठी विभागांचे आहे, असे आमचे मत आहे. दुःख, धास्ती, संशय, घुसमट ह्यांसाठी झाडीबोलीत, पोवारीत, गोंडीत लोक काय म्हणतात, हे आमचे एम. ए.चे विद्यार्थी आपापल्या गावांतून गोळा करू शकतात. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची सेवा आहे. तिथे ऐकणाऱ्यांना असा शब्दसंग्रह नक्कीच उपयोगी पडेल. दरवर्षी आम्ही लघुप्रबंधांसाठी त्याच त्या कादंबऱ्यांतली स्त्रीचित्रणे वाटतो. त्यांतले दोन विषय कमी केले तर समीक्षेचे काही बिघडणार नाही.

आमच्यापुरते बोलायचे तर नव्या नोंदवहीतून ‘नाव’ आणि ‘निराकरण’ हे रकाने काढले आहेत. त्यांच्या जागी ‘पुन्हा येणार का?’ असा एकच रकाना आहे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दुसरीकडे हलवावेत म्हणून कार्यालयाकडे अर्ज केला आहे. तो मंजूर होईपर्यंत मुले आली तर ग्रंथालयाच्या मागच्या बाकावर बसतो.