मापाचा कपडा आणि मोकळी विद्या

कपडा अंगासाठी आहे, अंग कपड्यासाठी नव्हे, हे सांगावयास कोणी पंडित नको. तथापि ह्या साध्या गोष्टीचा अलीकडे आपणा सर्वांस विसर पडत चालला आहे, असे आम्हांस वाटते. जालना शहरातील कोणत्याही तयार कपड्यांच्या दुकानात जाऊन पाहावे. तेथे गिऱ्हाइकाचे माप कोणी घेत नाही. उलट आपण कोणत्या अक्षरात बसतो हे गिऱ्हाइकानेच सांगावयाचे असते. एस, एम, एल, एक्सएल ह्या चार-पाच अक्षरांत भोकरदनपासून मंठ्यापर्यंतची सारी माणसे बसवावयाची! खांद्यास बसणारा कुडता घ्यावा तर कमरेस झोळ पडतो, आणि कमरेस बसणारा घ्यावा तर मुंढा काचतो. मग एखादी मुलगी घरी येऊन आरशापुढे उभी राहते व आपल्या शरीरासच दोष देते. दोष शरीराचा नसून बेताचा आहे, हे तिला सांगावे आणि त्यावर हाती असलेला एक उपाय सुचवावा, एवढ्याचसाठी हा लेख आम्ही लिहीत आहो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील दाविदाची गोष्ट ठाऊक असेलच. गल्याथाशी लढावयास निघालेल्या त्या मेंढपाळ मुलाच्या अंगावर शौल राजाने आपली शस्त्रसामग्री चढविली. ती राजाची होती, मोलाची होती, देणाऱ्याचा हेतूही चांगला होता. परंतु ती घालून दाविदास चालता येईना, म्हणून त्याने ती उतरवून ठेविली आणि आपली गोफण घेतली. दुसऱ्याच्या मापाचे कितीही मोलाचे वस्त्र आपल्या उपयोगी पडत नाही, हा बोध आम्हांस त्या गोष्टीतून मिळतो.

ठरीव मापांची ही रीत फार जुनी नाही. अमेरिकेतील एबेनेझर बटरिक ह्या शिंप्याने १८६३ साली निरनिराळ्या आकारांचे कागदी बेत विकावयास काढिले, आणि ज्या गृहिणींस बेतण्याची कला येत नव्हती त्यांनाही घरच्या घरी कपडे शिवता येऊ लागले. हा मोठाच उपकार होय. परंतु जो आकार घरच्या सोयीसाठी निघाला तो पुढे कारखान्याच्या सोयीचा झाला, आणि कारखान्याच्या सोयीपुढे अंगाची सोय मागे पडली. त्यातही आपल्या देशात चालणारे आकार बहुतांशी युरोप-अमेरिकेतील लोकांच्या शरीरांवरून घेतलेले आहेत. ही उणीव ओळखूनच राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने 'इंडियासाइझ' नावाची पाहणी हाती घेतली, आणि सहा शहरांतील १५ ते ६५ वर्षे वयाच्या २५,००० लोकांची मापे घेण्याचे योजिले. हे कार्य स्तुत्य आहे. तथापि त्या सहा शहरांत मुंबई आहे, हैदराबाद आहे. मराठवाड्यातील एकही शहर नाही. शिवाय सरासरी कितीही चांगली काढिली तरी ती सरासरीच. सरासरीच्या मापाचे माणूस हिशेबाच्या वहीत असते, अंबडच्या बाजारात नसते.

ह्या विषयाचा विद्यार्थ्यांशी किती निकटचा संबंध आहे, हे एका अलीकडील उदाहरणावरून दिसेल. २०२४-२५ ह्या शैक्षणिक वर्षी महाराष्ट्र शासनाने सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांसाठी 'एक राज्य, एक गणवेश' ही योजना अमलात आणिली. कापड एकत्र खरेदी करावे व शिलाई महिलांच्या बचत गटांकडून करवून घ्यावी, असा तिचा आराखडा होता. गावोगावच्या स्त्रियांस काम मिळावे हा हेतू उत्तमच होता. परंतु गणवेश वेळेवर न मिळाल्याच्या आणि अंगास न बसल्याच्या तक्रारी ठिकठिकाणांहून प्रसिद्ध झाल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविली. आम्ही ह्यात कोणाच्या माथी दोष मारू इच्छीत नाही. कापड एकीकडे, सुई दुसरीकडे आणि मूल तिसरीकडे अशी स्थिती झाली, म्हणजे शिवणारीचा हात कितीही कुशल असला तरी तिचा निरुपाय होतो. उणीव सुईची नव्हती; मुलाचे माप आणि कापडावरची कात्री ह्यांच्यामधील दुव्याची होती. ह्या दुव्यासच आपले शिंपी 'बेत' म्हणतात.

आता उपायाकडे वळू. गेल्या काही वर्षांत संगणकावर बेत काढण्याच्या अशा आज्ञावली निघाल्या आहेत की ज्या कोणीही विनामूल्य घ्याव्या, वापराव्या, उघडून पाहाव्या, सुधाराव्या आणि दुसऱ्यास द्याव्या. त्यांस 'मुक्तस्रोत' असे म्हणतात. युक्रेनमधील रोमन तेलेझिन्स्की ह्यांनी २०१३ साली सुरू केलेली 'व्हॅलेंटिना' ही त्यांपैकी एक. पुढे काम करणारांत मतभेद होऊन २०१७ च्या सुमारास तिच्यातून 'सीम्ली टू-डी' ही दुसरी शाखा निघाली. बेल्जियममधील योस्ट डे कॉक ह्यांनी आरंभिलेली 'फ्रीसोइंग' ही तिसरी. तिच्यात तयार बेतांचा संग्रह असून आपली मापे भरली की त्या मापांचा बेत निघतो.

ह्यांचे कार्य कसे चालते ते थोडक्यात सांगतो. आपल्या गावचा शिंपी पोलके बेतताना छातीच्या मापाचा चौथा हिस्सा घेतो व त्यात सैलपणासाठी काही मिळवितो. छाती ३२ इंच असेल तर चौथा हिस्सा ८, त्यात १ मिळविला की ९ इंचांवर खूण. आज्ञावलीतही हेच करावयाचे असते. भेद इतकाच की तेथे '९' हा आकडा न लिहिता 'छातीचा चौथा हिस्सा अधिक १' हे सूत्र लिहावयाचे. मग ३२ च्या जागी ३४ लिहिले की ती खूण आपोआप साडेनऊ इंचांवर सरकते, आणि तिला जोडलेल्या साऱ्या रेषाही तिच्याबरोबर सरकतात. एकदा काढिलेला बेत अशा रीतीने शंभर मुलींच्या शंभर मापांस उपयोगी पडतो. जिने शाळेत बीजगणित केले आहे तिला ह्यात नवीन असे काहीच नाही. आणि 'बीजगणिताचा संसारात उपयोग काय?' असे विचारणारीस ह्याहून चांगले उत्तर आम्हांस तरी सुचत नाही.

परंतु खरा लाभ ह्याच्याही पुढे आहे. ठरीव आकारात एका छातीच्या मापावरून खांदा, पाठ, बाही सर्व काही ठरवून टाकितात. आता ३२ इंच छातीच्या दोन मुलींचे खांदे सारखेच असतील असे थोडेच आहे? एकीची पाठ लांब, दुसरीची आखूड. एकीचा दंड जात्यावर अगर विहिरीवर काम करून भरलेला, दुसरीचा बारीक. आज्ञावलीत प्रत्येक माप निराळे भरता येते. एखाद्याचा एक खांदा खाली असेल, पाठीस बाक असेल, तर डावी व उजवी बाजू वेगवेगळी काढिता येते. अशा मुलास अंगास नीट बसणारा सदरा मिळणे ही चैन नव्हे. चार मुलांत त्याने ताठ मानेने बसावे, ह्याचे ते एक साधन आहे.

'मुक्त' म्हणजे केवळ 'फुकट' अशी कोणी समजूत करून घेऊ नये. हा भेद जालन्याच्या माणसास तरी सांगण्याची गरज नसावी. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले ह्यांनी येथे महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापिली, आणि तेव्हापासून बियाण्याचे गाव म्हणून आपल्या शहराची कीर्ती झाली. संकरित बियाण्याने पीक वाढविले ह्यात संशय नाही. परंतु त्याचे दाणे पुढल्या वर्षी पेरले तर तेच गुण टिकत नाहीत, म्हणून बी दरसाल विकत घ्यावे लागते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. ह्याउलट आजीने मडक्यात राखेत घालून ठेविलेले गावठी बी राखता येते, पेरता येते, शेजारणीस ओंजळभर देता येते. कारखान्यांत चालणाऱ्या विकतच्या आज्ञावली ह्या पहिल्या प्रकारच्या: पैसे भरावे तोवर चालतात, आणि आत काय आहे ते पाहण्याची मुभा नसते. मुक्त आज्ञावली मडक्यातील बियासारखी आहे. व्हॅलेंटिनाच्या मंडळींत मतभेद झाले तेव्हा विद्या बुडाली नाही. बी दोघांकडेही होते, म्हणून दोन घरे झाली आणि दोन्हीकडे पीक आले.

ह्यावर काही आक्षेप येतील, त्यांचाही विचार करू. कोणी म्हणेल, ह्याने बिचाऱ्या शिंप्याच्या पोटावर पाय येईल. आमच्या मते शिंप्याचे पोट तयार कपड्यांनी कधीच मारिले आहे. कित्येक गावांत आज त्याच्याकडे उसवलेली शिवण घालणे व विजारीची लांबी कमी करणे एवढेच काम उरले आहे. अंगाबरहुकूम कपड्याची आवड पुन्हा उत्पन्न झाली तरच लोक त्याचा उंबरा चढतील. शिवाय कोणते कापड कसे लोंबते, कोठे चुणी घालावी, वाढत्या अंगाच्या मुलास शिवणीत किती माया ठेवावी, हे आज्ञावलीस कोणी तरी जाणत्याने सांगावे लागते. कपड्यात राखून ठेविलेल्या जास्तीच्या कापडास आपल्या भाषेने 'माया' म्हटले आहे. ती किती असावी हे ठरविणे यंत्राचे काम नव्हे. मापे चुकीची भरली तर यंत्र बिनतक्रार चुकीचाच बेत काढून देते. तेव्हा अनुभवी शिंपी हा ह्या विद्येचा शत्रू नसून तिचा पहिला गुरू होय.

दुसरा आक्षेप खर्चाचा. मोठा बेत छापणारे यंत्र गावात कोठून आणावे? त्यास उत्तर असे की साध्या कागदांवर तुकडे छापून ते खळीने जोडिता येतात. आणि तेवढाही खर्च नको असेल तर पडद्यावरील अंतरे पाहून जुन्या वर्तमानपत्रावर पट्टीने खुणा करिता येतात. जोडलेल्या कागदावरील एखादी ठराविक रेषा पट्टीने मोजून मगच कात्री लावावी, म्हणजे छापताना आकार कमी-अधिक झाला असल्यास कापड वाया जात नाही.

तिसरा आक्षेप भाषेचा, आणि तो आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. ह्या आज्ञावलींतील शब्द व त्यांचे मार्गदर्शन बहुतेक इंग्रजीत आहे; परतूरच्या बचत गटातील बाईस त्याचा काय उपयोग? परंतु येथेच मुक्तपणाचे मोल कळते. विकतची वस्तू मराठीत येण्यासाठी मालकाची मर्जी लागते. मुक्त वस्तू मराठीत आणण्यास आपलीच मेहनत पुरते. मुंढा, घेर, कळी, पट्टी, बाही, गळा, माया असे किती तरी नेटके शब्द आपल्या शिंप्यांच्या तोंडी आहेत. ते गोळा करून त्या आज्ञावलींच्या कर्त्यांकडे पाठविणे हे काम दहावीच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे मुळीच नाही.

मिशनच्या शाळांस शिवणकाम हा विषय परका नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात अनाथ व निराधार स्त्रियांस शिवण, विणकाम, एवढेच नव्हे तर छापखान्याचे कामही शिकविले. त्या काळी यंत्रावर स्त्रीचा हात पडणे हेच मोठे नवल होते. प्रेषितांच्या कृत्यांत यापो येथील टबीथेची गोष्ट आहे. ती वारली तेव्हा गावच्या विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे दाखवू लागल्या. ज्या वस्त्रांची आठवण अशी राहते ती कोणासाठी शिवावयाची हे मनात धरून शिवलेली असतात, असे आम्हांस वाटते.

तरी आमची सूचना अशी. आमच्यासारख्या हायस्कुलांनी संगणकाची खोली व शिवणाचा वर्ग ह्यांच्यामधील भिंत मनातून काढून टाकावी. आठवड्यातून एक तास दोन्ही वर्ग एकत्र भरवावेत. मुलींनी मुलींची व मुलांनी मुलांची मापे मर्यादेने घ्यावी, आणि ती ज्याची त्याच्याच जवळ राहतील अशी काळजी घ्यावी. गावातील एखाद्या वृद्ध शिंप्यास मानधन देऊन गुरू म्हणून बोलवावे. पहिल्या वर्षी फार मोठा संकल्प नको. पाचवीच्या वर्गाचे गणवेश तेवढे त्या त्या मुलाच्या मापाचे बेतावे, आणि शिवण्याचे काम जवळच्या बचत गटास योग्य मोबदला देऊन द्यावे. कापड, सुई आणि मूल ही तिन्ही मग एकाच गावात येतील. तयार झालेले बेत कुलपात न ठेविता मागेल त्या शाळेस द्यावे.

आपल्या काळ्या जमिनीतला कापूस गाठी बांधून बाहेर जातो, आणि कोठल्या तरी परक्या मापाचा सदरा होऊन आपल्याच बाजारात परत येतो. कापूस बाहेर जाणे आपल्या हाती नाही. बेत मात्र आपल्या हाती येऊ शकतो. तो घेण्यास लागणारी विद्या दारात येऊन उभी आहे, आणि तिला आत घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी, विशेषतः विद्यार्थिनींनी, येत्या जूनपासूनच तिचा आरंभ करावा व पुढील वर्षीच्या अंकात आपले अनुभव लिहून कळवावे, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.