आधी डोळे, मग दुर्बीण

विद्यार्थिमित्रांनो, दुर्बीण मिळेपर्यंत आकाशदर्शन लांबणीवर टाकले आहे काय? मग लेस्ली पेल्टियरची हकिकत ऐका. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या या शेतकऱ्याच्या मुलाने पाचव्या वर्षी स्वयंपाकघराच्या खिडकीतून कृत्तिका पाहिल्या, आणि आईला त्यांचे नाव विचारले. दुर्बीण बऱ्याच वर्षांनी आली. तीही स्ट्रॉबेरी तोडून मिळवलेल्या १८ डॉलरांची. पुढे या हौशी निरीक्षकाने १२ धूमकेतू शोधले आणि १९१८ पासून रूपविकारी ताऱ्यांच्या सव्वा लाखाहून अधिक नोंदी केल्या.

शिक्षकांनो, फळ्यावर राशिचक्र काढण्याआधी हिवाळ्यातल्या एखाद्या रात्री मुलांना मैदानावर न्या. कृत्तिकांत किती तारे दिसतात, ते प्रत्येकाला मोजू द्या. गोडी तिथेच लागते. व्याख्या मागाहूनही पाठ होतात.