अर्धा पगार आणि पूर्ण बंदी

एखाद्या कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या हाती निलंबनाचा आदेश पडतो, तेव्हा त्याचे काम जाते, नोकरी मात्र जात नाही. तो नोकरही असतो आणि बेकारही. या त्रिशंकू अवस्थेत त्याने संसार कसा चालवावा, हा प्रश्न वरवर पाहता खासगी वाटला तरी मुळात तो न्यायाचा आणि अर्थशास्त्राचा आहे.

१९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांनुसार निलंबित सरकारी कर्मचाऱ्यास प्रारंभी अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो. तीन महिन्यांनंतर त्यात वाढ करता येते. विलंबाचा दोष कर्मचाऱ्याचा असल्यास कपातही करता येते. परंतु आपण अन्य कोणतीही नोकरी, धंदा वा व्यवसाय करीत नाही, असे प्रमाणपत्र दिल्यावाचून हा भत्ता हाती पडत नाही. म्हणजे पगार निम्मा, बंदी मात्र पूर्ण!

या बंदीमागे तर्कच नाही, असे नव्हे. नोकरीचा करार जिवंत असताना दोन धन्यांची चाकरी करू नये, हे तत्त्व मान्य होण्यासारखे आहे. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली, कराराच्या मुदतीत प्रतिस्पर्ध्याकडे नोकरी न करण्याची अट वैध ठरविली. मात्र तेथे कामही होते आणि पगारही होता. तो कर्मचारी स्वतः निघून गेला होता. निलंबित माणसाला तर दाराबाहेर धन्यानेच उभे केलेले असते.

बड्या खासगी कंपन्यांत ‘गार्डन लीव्ह’ नावाची प्रथा आहे. नोकरी सोडणाऱ्यास नोटिशीच्या काळात घरी बसविले जाते, पण पगार पुरा दिला जातो. नोकरी संपल्यानंतरही तीन महिन्यांचा मोबदला देऊन माणसाला अन्यत्र जाण्यापासून अडविणारी अट २००७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा १८७२ च्या करार कायद्यातील २७ व्या कलमानुसार ती सकृद्दर्शनी व्यवसायाला प्रतिबंध करणारी आहे, असे न्यायालयाने म्हटले. पैसे मोजूनही माणसाची उपजीविका सहज विकत घेता येत नाही, असा याचा अर्थ.

आपल्या नगर जिल्ह्यातील साखर कारखानदारीकडेही या दृष्टीने पाहावे. हंगामी कामगारास गाळप बंद असताना रिटेन्शन अलाउन्स देण्याची पद्धत या धंद्यात जुनी आहे. हा भत्ता वेतनाचा केवळ अंश असतो. पण त्या महिन्यांत तो कामगार स्वतःच्या शेतात राबला तर त्याला कोणी गुन्हेगार ठरवीत नाही. हंगाम सुरू होताच त्याने हजर व्हावे, एवढीच अपेक्षा असते. जेवढा मोबदला तेवढेच बंधन, हा व्यवहार येथे निरक्षरालाही कळतो.

निर्वाह भत्ता ही कृपा नव्हे. अपील प्रलंबित असलेल्या दोषी कर्मचाऱ्यास दरमहा अवघा एक रुपया देणारा महाराष्ट्रातील नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली रद्द केला. २०१५ साली त्याच न्यायालयाने, तीन महिन्यांत आरोपपत्र न दिल्यास निलंबन पुढे चालू ठेवू नये, असे बजावले. तरीही आरोपपत्र मिळाल्यानंतरची चौकशी रेंगाळू शकतेच. या काळात समाज एका शिक्षित माणसाच्या श्रमाला मुकतो, आणि तो निर्दोष ठरल्यास काम न घेतलेल्या काळाचे पूर्ण वेतन तिजोरीला द्यावे लागते. दिरंगाईची किंमत दिरंगाई करणाऱ्यास मोजावी लागत नाही, म्हणूनच ती संपत नाही.

शिवाय हा नियम माणसाला खोटे बोलावयास लावतो. मुलांची फी भरण्यासाठी जो रात्री एखाद्या दुकानाचे हिशेब लिहितो, त्याला सकाळी ‘मी काहीच करीत नाही’ अशी सही करावी लागते. मूळ आरोपातून तो सुटेलही; परंतु पोटासाठी केलेल्या या खोट्या सहीचा नवा आरोप त्याला चिकटू शकतो.

यावर उपाय अवघड नाही. तीन महिन्यांत चौकशी पुरी झाली नाही आणि विलंबाचा दोष कर्मचाऱ्याचा नसेल, तर त्यास पूर्ण वेतन द्यावे. अथवा मूळ कामाशी विरोध नसलेले अन्य काम उघडपणे करण्याची परवानगी देऊन त्या मिळकतीचा हिशेब अखेरच्या थकबाकीत धरावा. दोषी ठरल्यास शासन जरूर करावे. पण दोष सिद्ध होण्याआधीच त्याच्या कुटुंबाला उपासाची शिक्षा देण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयास नाही.