लष्कराच्या भाकऱ्या आणि भाजलेले हात

मराठीत 'चॅरिटी'ला आपण 'सेवाभावी संस्था' म्हणतो. शब्द छान आहे आणि गोची त्यातच आहे. सेवाभाव म्हटला की पगार, रजा, सुरक्षितता यांबद्दल बोलणंच क्षुद्र वाटायला लागतं. घरातलं कुणी असल्या कामात पडलं, की 'लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय' म्हणून आपण मोकळे होतो. बाहेरचं कुणी पडलं, तर 'धन्य आहेत ही माणसं!' भाकऱ्या भाजताना हात भाजला तर मलम कुणी द्यायचं, हा प्रश्न दोन्हीकडे येत नाही.

मला तो ब्रिटनमध्ये पडला. मी उत्तर इंग्लंडमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. महिन्यातले एक-दोन शनिवार निर्वासितांना मदत करणाऱ्या एका छोट्या संस्थेची वेबसाइट आणि डेटाबेस सांभाळतो.

२९ जुलै २०२४ रोजी साउथपोर्टमध्ये मुलांच्या डान्स क्लासमध्ये चाकूहल्ला झाला, तीन लहान मुली गेल्या. हल्लेखोर बोटीतून आलेला आश्रयार्थी आहे, अशी अफवा काही तासांत पसरली. प्रत्यक्षात तो कार्डिफमध्ये जन्मलेला सतरा वर्षांचा मुलगा होता. पण दुसऱ्याच दिवशी साउथपोर्टच्या मशिदीवर जमाव चालून गेला. ४ ऑगस्टला रॉदरहॅमजवळच्या मॅनव्हर्समध्ये आश्रयार्थींना ठेवलेल्या हॉटेलला आग लावायचा प्रयत्न झाला, आत माणसं असताना. मग टेलिग्रामवर एक यादी फिरली. ७ ऑगस्टच्या संध्याकाळी कुठे कुठे जमायचं, असे तीसहून जास्त पत्ते. त्यात बहुतेक इमिग्रेशन वकिलांची ऑफिसं आणि निर्वासितांना सल्ला देणारी केंद्रं होती.

त्या संध्याकाळी वॉल्थमस्टो, ब्रायटन, लिव्हरपूलमध्ये हजारो माणसं वंशद्वेषाविरुद्ध रस्त्यावर उतरली. फोटो जगभर गेले आणि आपण सगळ्यांनी ते शेअर केले. गोष्ट तिथे संपली, असं आपल्याला वाटतं.

त्याच आठवड्यात मला आमच्या संस्थेतून मेसेज आला: वेबसाइटवरचं 'आमची टीम' पान काढ. नावं, फोटो, फोन नंबर, सगळं. टेक्निकली दहा मिनिटांचं काम. पण त्या पानावरचे निम्मे चेहरे सुदानी, इराणी, एरिट्रियन होते. एकेकाळी स्वतः आश्रय मागितलेली ही माणसं आता दुसऱ्यांचे फॉर्म भरून देतात. ज्या भीतीपासून पळून आले, ती इथे दाराशी आली. ऑफिस बंद, घरून काम करा, असा निरोप गेला. पण घर तरी कुठे? त्याच गल्लीत, त्याच बसच्या मार्गावर. गोरा सहकारी गळ्यातलं आयकार्ड खिशात टाकून गर्दीत मिसळू शकतो. कातडी खिशात टाकता येत नाही.

पुढच्या महिन्यात पैसे देणाऱ्या एका मोठ्या संस्थेकडून या सगळ्यांना आभाराचा मेल आला. सोबत 'रेझिलियन्स' या विषयावर एक तासाचा वेबिनार आणि ध्यानाच्या ॲपचं तीन महिन्यांचं फुकट सबस्क्रिप्शन.

ध्यानाला माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्यामागच्या हिशोबाला. तो हिशोब म्हणतो की बिघाड तुमच्या मनात आहे, तो तुम्हीच दुरुस्त करा. आमच्या धंद्यात रात्री तीनला सर्व्हर पडला, तर उठलेल्या इंजिनिअरला कुणी 'दीर्घ श्वास घे' असं सांगून गप्प बसत नाही. बऱ्याच ठिकाणी ऑन-कॉलचे पैसे असतात, दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा असते. आणि चांगल्या टीममध्ये पोस्टमॉर्टेम होतं, ज्यात 'कोण कमी पडलं?' असं नाही, 'व्यवस्थेत काय तुटलं?' असं विचारतात. एका पेमेंट पेजला आम्ही दोन-दोन बॅकअप ठेवतो. छळाच्या कहाण्या दिवसभर ऐकणाऱ्या केसवर्करला एकही बॅकअप नसतो. ती रजेवर गेली तर फाइल तिच्या टेबलावर तशीच पडून राहते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'पैसा निर्वासितांवर खर्च व्हावा, स्टाफवर कशाला?' आपणही देणगी देताना पहिलं हेच विचारतो ना, की माझ्या शंभर रुपयांतले प्रत्यक्ष गरजूपर्यंत किती जातात? अहो, पण इथे मदत म्हणजे ब्लँकेट नाही. मदत म्हणजे समोर बसून, दुभाष्याला सोबत घेऊन, कागद नीट लावणारं माणूस. ते थकून नोकरी सोडून गेलं, की आश्रयार्थीला आपल्यावर झालेला अत्याचार नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागतो. स्टाफवर वाचवलेला पैसा असा वसूल होतो.

आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरं उत्तर मिळतं: 'आपण स्किल्ड वर्कर व्हिसावर आलोय, आपला काय संबंध?' त्याच दिवसांत सुंदरलंडमध्ये ड्यूटीवर निघालेल्या फिलिपिनो नर्सेसच्या टॅक्सीवर दगड पडले. दगड मारणाऱ्यांनी व्हिसाचा प्रकार विचारला नव्हता. दंगलखोराला आपल्यातला आणि बोटीतून आलेल्यातला फरक दिसत नाही. मग तो फरक आपण इतका जपतो कुणासाठी?

हवंय काय, तर अगदी साधं. हल्ला किंवा धमकी झाली की लगेच भरपगारी सुट्टी, आजारपणाच्या रजेतून न कापता. संध्याकाळी ऑफिस बंद करताना किमान दोन माणसं, आणि तणाव असेल तेव्हा घरी जायला टॅक्सीचं भाडं. महिन्यातून एकदा बाहेरच्या समुपदेशकाशी बोलायची सोय, कामाच्या वेळेत. आलेल्या धमक्यांची नोंद करणं आणि पोलिसांकडे पाठपुरावा करणं, हे मॅनेजमेंटचं काम. ज्याला धमकी आली त्याचं नव्हे. काळ्या-सावळ्या कर्मचाऱ्यांना 'वंशद्वेष म्हणजे काय' हे इतरांना समजावण्याच्या कामाला जुंपू नये. आणि या सगळ्याचा खर्च प्रत्येक प्रकल्पाच्या बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून वेगळा लिहिलेला असावा.

यात उपकार नाहीत. कर्मचाऱ्यांचं आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण, वाजवी शक्य असेल तितकं, सांभाळणं ही मालकाची जबाबदारी आहे, असं ब्रिटनचा १९७४ चा कायदा सांगतो. सेवाभावी संस्थांना त्यातून सूट नाही. सूट आपण मनातल्या मनात दिली आहे, कारण संतांना ओव्हरटाइम लागत नाही, अशी आपली समजूत आहे.

आणि हे एकदाचं नव्हतं. जून २०२५ मध्ये उत्तर आयर्लंडच्या बॅलिमीनामध्ये स्थलांतरितांची घरं जाळली गेली. बेघर झालेल्या कुटुंबांना लार्नच्या ज्या क्रीडा केंद्रात तात्पुरता आसरा दिला होता, त्यालाही आग लावली. पुढची यादी कुठल्या गावातून निघेल माहीत नाही, पण निघेल.

म्हणून, इथे राहून देणगी देणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला माझं एवढंच सांगणं आहे. पैसे पाठवताना सोबत दोन ओळी लिहा: 'ही रक्कम स्टाफसाठी वापरली तरी चालेल. त्यांच्या सुट्टीची आणि सुरक्षिततेची काय व्यवस्था आहे, ते कळवा.' हा प्रश्न दहा जणांनी विचारला तर कुठल्यातरी मीटिंगमध्ये त्यावर बोलावं लागेल. 'धन्य आहेत ही माणसं' वाचून आजवर एकाही मीटिंगमध्ये काही ठरलेलं नाही.