शांततेचे तारण

१७ जानेवारी १९६६ ची सकाळ. स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरील पालोमारेस हे टोमॅटोची शेती करणारे छोटेसे गाव. नित्याची कामे चालू असतानाच आकाशात मोठा स्फोट झाला आणि जळते अवशेष शेतांतून व घरांच्या आसपास कोसळू लागले. सुमारे साडेनऊ हजार मीटर उंचीवर अमेरिकेचे बी-५२ हे बॉम्बफेकी विमान हवेतल्या हवेत इंधन घेण्यासाठी टँकर विमानाजवळ गेले होते. त्या वेळी दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. टँकरमधील चौघेही आणि बी-५२ मधील सातांपैकी तिघे मृत्युमुखी पडले. गावातील एकही माणूस दगावला नाही, हे दैवच म्हणावयाचे. मात्र त्या विमानात चार हायड्रोजन बॉम्ब होते, याची गावकऱ्यांना कल्पना नव्हती.

त्या दिवशी कोणतेही युद्ध चालू नव्हते. मग हायड्रोजन बॉम्ब घेऊन एक विमान स्पेनच्या आकाशात का फिरत होते? याचे उत्तर शोधताना वीस वर्षे मागे जावे लागते.

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी ही शहरे उद्ध्वस्त झाली, तेव्हा अणुबॉम्ब शत्रूपर्यंत नेण्याचे साधन एकच होते : विमान. पुढच्याच वर्षी, मार्च १९४६ मध्ये, अमेरिकेने स्ट्रॅटेजिक एअर कमांड हे स्वतंत्र दल उभारले. १९४८ मध्ये त्याची सूत्रे जनरल कर्टिस लमे यांच्याकडे आली. मार्च १९४५ मध्ये टोकियोवर आगीचा वर्षाव करणाऱ्या विमानांचे सेनापती तेच होते. त्यांनी जानेवारी १९४९ मध्ये ओहायो राज्यातील डेटन शहरावर लुटुपुटुच्या हल्ल्याचा सराव घेतला आणि तो सपशेल फसला. त्यानंतर त्यांनी या दलाला अत्यंत कडक शिस्त लावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाने पहिली अणुचाचणी केली आणि अमेरिकेची मक्तेदारी संपली.

येथून ‘डिटरन्स’चे, म्हणजे धाकाने युद्ध रोखण्याचे, युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. त्याचे सूत्र सोपे आहे. ‘तू पहिला घाव घातलास, तरी तुझा सर्वनाश करण्याइतके बळ माझ्यापाशी शिल्लक राहील’, अशी शत्रूची खात्री पटली पाहिजे. शस्त्र बाळगणे त्यासाठी पुरेसे नाही. ते पहिल्या घावातून वाचले पाहिजे आणि वाचणार आहे हे शत्रूलाही दिसले पाहिजे.

विमानांची अडचण नेमकी येथेच होती. तळावर उभे असलेले विमान हे सोपे लक्ष्य असते. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडला, तेव्हा तसेच रॉकेट अण्वस्त्र घेऊन अर्ध्या तासात अमेरिकेवर येऊ शकते, हे स्पष्ट झाले. म्हणून प्रथम काही विमाने पंधरा मिनिटांत उड्डाण करू शकतील अशा तयारीत धावपट्टीलगत ठेवण्यात आली. पुढे काही विमाने सदैव आकाशातच ठेवण्याचा निर्णय झाला. बी-५२ विमाने हायड्रोजन बॉम्ब घेऊन जवळजवळ चोवीस तासांची फेरी करीत. एक फेरी संपण्यापूर्वी दुसरी सुरू झालेली असे. यांतील काही मार्ग उत्तर ध्रुवाकडे, तर काही भूमध्य समुद्राकडे जात. या मोहिमेचे नाव ‘क्रोम डोम’.

विमानाचा एक गुण क्षेपणास्त्रात नाही. सुटलेले क्षेपणास्त्र परत बोलावता येत नाही. निघालेले विमान परत बोलावता येते. त्यामुळे प्रत्यक्ष हल्ला न करता इशारा देण्यासाठी विमाने उपयोगी पडत. ऑक्टोबर १९६२ मधील क्यूबाच्या पेचप्रसंगात अमेरिकेने साठहून अधिक बी-५२ विमाने एकाच वेळी आकाशात ठेवली होती. सोव्हिएत संघानेही धाक दाखविण्यात कसूर केली नाही. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी नोव्हाया झेम्ल्या बेटांवर तुपोलेव विमानातून पॅराशूटच्या साहाय्याने टाकलेला बॉम्ब सुमारे पन्नास मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या तीन हजार पटींहून शक्तिशाली होता. प्रत्यक्ष युद्धासाठी तो फारच अवजड होता. त्याचा खरा उपयोग जगाला दाखविण्यापुरताच. ब्रिटननेही व्हल्कन, व्हिक्टर व व्हॅलियंट ही विमाने याच हेतूने बाळगली आणि १९६९ मध्ये ही जबाबदारी पाणबुड्यांकडे सोपविली.

या व्यवस्थेची किंमत मात्र हळूहळू उघड होत गेली. २४ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात गोल्ड्सबरोजवळ एक बी-५२ हवेतच मोडले. त्यातील दोन हायड्रोजन बॉम्बांपैकी एकाचे पॅराशूट उघडले आणि स्फोटापूर्वीचे बरेचसे टप्पे आपोआप पार पडले. पुढे झालेल्या तांत्रिक परीक्षणात असे आढळले की, अनर्थ टळला तो एका साध्या विद्युत-स्विचमुळे. दुसरा बॉम्ब दलदलीच्या शेतात इतका खोल रुतला की, त्याचा काही भाग आजही तेथेच आहे.

पालोमारेस येथे चारांपैकी तीन बॉम्ब जमिनीवर पडले. अणुस्फोट होण्यासाठी आतील साधी स्फोटके एकाच क्षणी, ठरल्या पद्धतीने पेटावी लागतात. तसे झाले नाही, म्हणून अणुस्फोट टळला. परंतु दोन बॉम्बांतील साधी स्फोटके फुटली आणि विषारी, किरणोत्सारी प्लुटोनियमची धूळ शेतांवर पसरली. सुमारे चौदाशे टन माती व झाडझाडोरा पिंपांत भरून अमेरिकेत नेण्यात आला. चौथा बॉम्ब समुद्रात पडला होता. फ्रान्सिस्को सिमो ओर्ट्स या कोळ्याने त्याला पडताना पाहिले होते आणि जागाही सांगितली होती. पण प्रारंभी त्याच्या सांगण्याला कोणी फारसे महत्त्व दिले नाही. अखेर ‘ॲल्विन’ या छोट्या पाणबुडीला तो त्याने सांगितलेल्या जागेजवळच सापडला. अपघातानंतर ऐंशी दिवसांनी, ७ एप्रिल १९६६ रोजी, तो वर काढण्यात आला. दरम्यान पर्यटक बिचकू नयेत म्हणून स्पेनचे मंत्री मान्युएल फ्रागा आणि अमेरिकेचे राजदूत वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसमक्ष समुद्रात पोहले.

दोनच वर्षांनी, २१ जानेवारी १९६८ रोजी, ग्रीनलँडमधील थुले तळाजवळ चार हायड्रोजन बॉम्ब असलेले आणखी एक बी-५२ बर्फावर कोसळले. त्यानंतर लगेच अण्वस्त्रांसह चाललेल्या या अखंड फेऱ्या बंद झाल्या. जमिनीवरील सज्जता मात्र सप्टेंबर १९९१ पर्यंत चालू राहिली आणि १९९२ मध्ये स्ट्रॅटेजिक एअर कमांडही विसर्जित झाली.

या इतिहासाचा ताळेबंद मांडणे सोपे नाही. जमेच्या बाजूला एक मोठी नोंद आहे : नागासाकीनंतर आजतागायत युद्धात एकही अण्वस्त्र वापरले गेलेले नाही. हे धाकामुळे घडले, असे समर्थक म्हणतात. नशिबामुळे घडले, असे टीकाकार म्हणतात. जे घडलेच नाही, त्याचे कारण निर्विवादपणे सिद्ध करता येत नाही. तथापि खर्चाची बाजू डोळ्यांना दिसते. ‘शांतता हाच आमचा व्यवसाय’ हे त्या दलाचे ब्रीद होते. त्या शांततेसाठी जे तारण ठेवले गेले, त्यात पालोमारेसच्या शेतकऱ्यांच्या जमिनीही होत्या. आणि त्या तारणपत्रावर त्यांची सही कोणी घेतली नव्हती.

२०१५ मध्ये स्पेन व अमेरिका यांनी उरलेली दूषित माती हलविण्याच्या दृष्टीने इरादापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. अपघाताला तेव्हा जवळजवळ अर्धशतक लोटले होते. गावालगतची काही जमीन तेव्हाही कुंपणाआडच होती. प्लुटोनियमची किरणोत्सारिता निम्मी होण्यास सुमारे चोवीस हजार वर्षे लागतात. राष्ट्रांमधील वैर इतके टिकत नाही. ज्या सोव्हिएत संघाला धाक दाखविण्यासाठी ते विमान निघाले होते, तो १९९१ मध्येच नकाशावरून नाहीसा झाला. धूळ अजून तेथेच आहे.